पोटॅशियमची बाटली आणि रक्तदाबाची गोळी

मे महिन्याच्या अखेरची दुपार होती. सकाळचे रुग्ण संपवून मी दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना दारात रिक्षा थांबली आणि मुलाने व सुनेने दोन्ही बाजूंनी आधार देत एका आजींना आत आणले. वय बहात्तर. भिवपुरीच्या वर, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतून त्या गेली बारा-तेरा वर्षे माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात. एरवी उंबऱ्यातूनच “डॉक्टर, जेवलात का?” असे विचारणाऱ्या आजी त्या दिवशी एवढेच बोलल्या, “पायांत जीवच राहिला नाही बघा.” सून म्हणाली, “दोन दिवस मळमळतंय त्यांना. उन्हाचं झालं असेल म्हणून लिंबूपाणी दिलं. ताकदीची बाटलीही चालूच आहे.”

मी नाडी पाहिली. मिनिटाला बेचाळीस. लगेच हृदयाचा आलेख काढला, तेव्हा एरवी टेकडीसारख्या उतरत्या दिसणाऱ्या लहरी तंबूसारख्या उंच आणि टोकदार झालेल्या दिसल्या. मी विचारले, “ताकदीची बाटली म्हणजे कोणती?” सुनेने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. ते पोटॅशियम क्लोराइडचे सिरप होते आणि मार्च महिन्यात मीच ते लिहून दिले होते.

१०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने आजी मोठ्या रुग्णालयात पोहोचल्या. तेथे त्यांच्या रक्तातील पोटॅशियम ७.२ निघाले. निरोगी माणसात ते साधारण ३.५ ते ५ या दरम्यान असते. हृदयाला आवर घालणारे कॅल्शियमचे इंजेक्शन, पोटॅशियम पेशींत ढकलणारे ग्लुकोज आणि इन्सुलिन, असे उपचार तातडीने झाले. डायलिसिसची वेळ आली नाही. पाचव्या दिवशी आजी घरी आल्या. आणखी काही तास उशीर झाला असता, तर हे चार शब्द लिहिण्याऐवजी मला त्यांच्या घरी भेटायला जावे लागले असते. ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. ही हकीकत लिहायला आजींनीच सांगितले आहे.

सात आठवड्यांत काय घडले

मार्चमध्ये आजी आल्या होत्या, त्याही थकव्यासाठीच. रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते, जिना चढवत नव्हता. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत दोन औषधे एकत्र होती : टेल्मिसार्टन आणि लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर टाकणारे क्लोरथॅलिडोन. रक्त तपासले, तेव्हा पोटॅशियम २.९ आले, म्हणजे बरेच कमी. मी क्लोरथॅलिडोन काढून टाकले, टेल्मिसार्टन ठेवले, जोडीला ॲम्लोडिपिन दिले आणि पोटॅशियमचे सिरप सकाळ-संध्याकाळ १५ मिलिलिटर पाण्यात मिसळून घ्यायला सांगितले. “आठवड्याने रक्त तपासायला या,” हेही सांगितले. एवढे सारे बरोबर होते. मात्र कागदावर मी एक ओळ लिहिली नाही, “सात दिवसांनंतर बंद.”

पाचव्या दिवशी आजींना हुशारी वाटू लागली. पुढे उन्हाळी भाताची कापणी आली, घरात लग्न निघाले आणि तपासणी राहून गेली. औषधाने बरे वाटले म्हणून मुलगा जुना कागद दाखवून नवीन बाटली आणत राहिला. सुनेने रक्तदाबाला चांगले म्हणून घरचे मीठ बदलून कमी सोडियमचे मीठ आणले. कापणीने गुडघे धरले, तेव्हा कोणीतरी दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या आणि आजी त्या रोज दोन घेऊ लागल्या.

या घरात कोणीही वाईट हेतूने किंवा निष्काळजीपणाने काही केले नाही. प्रत्येकाने आजींच्या भल्याचेच केले. परंतु टेल्मिसार्टन, पोटॅशियमचे सिरप, पोटॅशियमयुक्त मीठ आणि वेदनाशामक गोळी या चार गोष्टी एका सत्तरी ओलांडलेल्या मूत्रपिंडावर एकाच वेळी आल्या. एकेकटी असती, तर कदाचित काहीच झाले नसते.

खाचरातले पाणी

हे कसे होते, ते समजून घेण्यासाठी आपल्या भागातल्या वाचकाला पुस्तकाची गरज नाही. ठोकरवाडीच्या धरणाचे पाणी नळांतून भिवपुरीच्या वीजकेंद्रात उतरते. १९२२ पासून ते येत आहे. वीज तयार झाल्यावर तेच पाणी पेज नदीत आणि राजनाल्याच्या कालव्यात जाते, म्हणून भर उन्हाळ्यात आपल्याकडे भात उभा दिसतो. त्या भाताच्या खाचरात पाणी किती असावे, हे शेतकऱ्याला अचूक कळते. ते कमी झाले, तर भात करपतो. जास्त झाले आणि बांधाचे तोंड बुजलेले असले, तर रोप कुजते. पाणी चांगले की वाईट, असे त्याला कोणी विचारत नाही. किती आले आणि किती गेले, एवढेच तो पाहतो.

पोटॅशियमचेही तसेच आहे. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. उरलेले दोन टक्के रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवात असते. या थोड्याशा भागाच्या पातळीवर स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचा ठोका अवलंबून असतो. अन्नातून ते रोज येते आणि त्यातील जवळजवळ नऊ-दशांश भाग मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंड हे या खाचराच्या बांधाचे तोंड आहे. ते किती उघडायचे, याचा हुकूम प्रामुख्याने अल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक देते.

रक्तदाबाची बरीच औषधे नेमकी या तोंडावरच काम करतात. काही ते अधिक उघडतात, काही अंशतः मिटतात. म्हणून “रक्तदाबाच्या गोळीबरोबर पोटॅशियम घेतले तर चालेल का?” या प्रश्नाला एक उत्तर नाही. आधी विचारावे लागते, “गोळी कोणती?”

आपली गोळी कोणत्या गटातली?

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. त्याच्या उपचारपद्धतीत प्रामुख्याने तीन औषधे आहेत : ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. आपल्यापैकी अनेकांच्या डब्यात यांतलेच एखादे किंवा दोन असतील. योगायोगाने ही तीन औषधे तीन गटांची प्रतिनिधी आहेत.

पहिला गट पोटॅशियमला फारसा हात न लावणारा. ॲम्लोडिपिन आणि सिल्निडिपिन या गटातले. ती रक्तवाहिन्या सैल करतात.

दुसरा गट पोटॅशियम साठवणारा. ज्यांच्या नावाचा शेवट ‘सार्टन’ असा होतो ती टेल्मिसार्टन, लोसार्टन, ऑल्मेसार्टन आणि ज्यांचा शेवट ‘प्रिल’ असा होतो ती एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधे या गटातली. ती अल्डोस्टेरॉनचा हुकूम सौम्य करतात. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन आणि ॲमिलोराइड ही या गटातली अधिक जोरकस औषधे. ती बहुधा हृदय कमकुवत झालेल्यांना किंवा सहजी न उतरणाऱ्या रक्तदाबासाठी देतात.

तिसरा गट पोटॅशियम वाहून नेणारा. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड आणि पायांची सूज उतरवणारी फ्युरोसेमाइड व टॉर्सेमाइड ही लघवी वाढवणारी औषधे यात येतात. यांच्यामुळे काहींचे पोटॅशियम घटते. अशा रुग्णाला पोटॅशियम देणे योग्य असते, कधी कधी अत्यावश्यकही असते.

दुसऱ्या व तिसऱ्या गटातील औषधे एकाच गोळीत असतील, तर ती बऱ्याच अंशी एकमेकांचा परिणाम तोलतात. मग त्यांतले एक काढले की तोल बदलतो. आजींच्या बाबतीत मी क्लोरथॅलिडोन थांबवले, म्हणजे पाणी जाण्याची वाट अरुंद केली आणि वरून पाटाने पाणी सोडले. ते काही दिवसांसाठीच सोडायचे होते.

गोळीच्या पट्टीवर कंपनीने दिलेले नाव मोठे आणि औषधाचे नाव बारीक असते. चष्मा लावून ते बारीक नाव वाचा. एकाच अक्षरापुढे ‘एच’, ‘सीएच’, ‘एएम’ अशी शेपटे जोडलेल्या गोळ्या वेगवेगळ्या असतात. दुकानात ती मिळाली नाही म्हणून “तशीच दुसरी” घेताना शेपूट बदलले, तर गटही बदलू शकतो.

थकवा खरे सांगत नाही

आजी मार्चमध्ये आल्या, तेव्हा त्यांचे पोटॅशियम कमी होते. मे महिन्यात आल्या, तेव्हा ते धोक्याइतके जास्त होते. दोन्ही वेळा तक्रार एकच होती, पायांत जीव नाही. घरच्यांनी बाटली का चालू ठेवली, याचे उत्तर यातच आहे. मागच्या वेळी याच थकव्यावर या औषधाने गुण आला होता, मग या वेळी एक मात्रा अधिक का देऊ नये? हा विचार कोणाच्याही मनात येईल.

पोटॅशियम कमी झाले की पोटऱ्यांत गोळे, अशक्तपणा, बद्धकोष्ठ, छातीत धडधड जाणवू शकते. जास्त झाले की अशक्तपणा, मळमळ, मुंग्या, मंद नाडी. परंतु पुष्कळदा वाढलेले पोटॅशियम काहीच लक्षण दाखवत नाही आणि पहिले लक्षण थेट हृदयाच्या ठोक्यात उमटते. म्हणून शरीराच्या भावनेवर विसंबून पोटॅशियम सुरू करू नये आणि चालूही ठेवू नये. रक्ताची तपासणी हाच मार्ग आहे. ती साधी आणि फार महाग नसलेली तपासणी आहे. तिच्यासोबत क्रिएटिनिन करावे, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कळते. वृद्धांत स्नायू कमी असल्यामुळे क्रिएटिनिनचा आकडा वरकरणी ठीक दिसूनही मूत्रपिंडाची क्षमता घटलेली असू शकते. त्यासाठी वय लक्षात घेऊन काढलेला क्षमतेचा अंदाज अहवालात पाहावा किंवा डॉक्टरांना विचारावा.

आता उलट बाजूची एक गोष्ट. मागे माझ्या एका रुग्णाचे पोटॅशियम ६.१ असे आले आणि घरात रडारड झाली. माणूस ठणठणीत, नाडी उत्तम, आलेख स्वच्छ. चौकशी केली, तेव्हा कळले की रक्त सकाळी घेतले होते आणि प्रयोगशाळेत ते संध्याकाळी पोहोचले. नमुना फार वेळ तसाच राहिला, हातावर पट्टा घट्ट बांधून मूठ वारंवार आवळायला लावली किंवा रक्त घेताना पेशी फुटल्या, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटाच वाढतो. आपल्याकडून नमुने कर्जत, बदलापूर किंवा त्याही पुढे जातात, म्हणून हे लक्षात ठेवावे. अहवाल अनपेक्षित वाटला, तर डॉक्टर आलेख काढतील आणि ताजा नमुना लवकर तपासून घेतील. तरीही वाढलेला आकडा “खोटाच असेल” असे आपण घरी ठरवू नये.

बाटलीबाहेरचे पोटॅशियम

सिरपच्या १५ मिलिलिटरमध्ये सामान्यतः २० मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे सुमारे ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. आजी दिवसाला याच्या दुप्पट घेत होत्या. पण औषधाची बाटली हाच पोटॅशियमचा एकमेव मार्ग नव्हे.

कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. समजा त्यात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड आहे, तर असे पाच ग्रॅम मीठ खाणाऱ्याच्या पोटात ६५० मिलिग्रॅमच्या आसपास जादा पोटॅशियम जाते. हे मीठ वाईट नाही. उलट, चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना आणि पोटॅशियम साठवणारी लघवीची औषधे घेणाऱ्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाविषयी जी शिफारस केली, तीही निरोगी मूत्रपिंडाच्या प्रौढांपुरतीच आहे. मूत्रपिंडाचे विकार असलेले किंवा पोटॅशियम बाहेर टाकण्यात अडथळा आणणारी औषधे घेणारे यांना तिने वगळले आहे. घरातल्या तरुणांना जे मीठ हितकारक, ते त्याच ताटातल्या आजोबांना अपायकारक ठरू शकते. म्हणून मीठ बदलण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्कर माणसाच्या गोळ्या पाहाव्यात.

सैंधवाविषयी मला नेहमी विचारले जाते. सैंधवात पोटॅशियम फारसे नसते. ते बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. म्हणजे पोटॅशियमची भीती नाही, पण रक्तदाबाला फायदाही नाही. खरा फायदा मीठ कमी करण्याचा आहे : लोणचे, पापड, सुकट आणि सुके बोंबील यांना आवर घालण्याचा. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याइतके एकूण मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे.

मूतखड्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही सिरपांत पोटॅशियम सायट्रेट असते. लघवीची जळजळ होते म्हणून जुनी बाटली पुन्हा काढताना हे आठवावे. लघवीच्या जंतुसंसर्गावरील ट्रायमेथोप्रिम असलेली गोळीही पोटॅशियम बाहेर टाकण्याची वाट अडवते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवून तेच करतात. ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ गटातली गोळी घेणाऱ्याने गुडघेदुखीसाठी अशा गोळ्या स्वतःहून रोज घेऊ नयेत. पॅरासिटामॉल, शेक, मलम यांविषयी डॉक्टरांशी बोलावे.

आणि अन्न? केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम, एका शहाळ्याच्या पाण्यात आकारानुसार पाचशे ते सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. बटाटा, रताळे, पालेभाज्या, डाळी, टोमॅटो यांतही ते भरपूर असते. मूत्रपिंडे निरोगी असलेल्या माणसाने यांतले काही सोडू नये. अन्नातील पोटॅशियम रक्तदाब उतरवायला मदत करते. प्रौढाला दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम मिळावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि ते ताटातून मिळावे, हेच उत्तम. अन्नातून ते हळूहळू येते. बाटलीतून ते एकदम येते. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत, त्यांच्यासाठी मात्र हिशेब वेगळा. त्यांनी उपवासाच्या दिवशी रताळे, बटाटा, शेंगदाणे, केळे आणि वरून शहाळे असा बेत करणे धोक्याचे आहे. त्यांच्या घरी भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देण्याची पद्धत डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ समजावून सांगतील.

इतरांनी घेतलेला धडा

ही चूक केवळ भिवपुरीच्या दवाखान्यात झालेली नाही. १९९९ मध्ये एका नामांकित अभ्यासाने दाखवले की, हृदय खूप कमकुवत झालेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत स्पायरोनोलॅक्टोन दिले, तर मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटते. अभ्यास पक्का होता, औषध स्वस्त होते. डॉक्टरांनी ते झपाट्याने लिहायला सुरुवात केली. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ‘प्रिल’ गटातील औषध घेणाऱ्या, हृदय कमकुवत झालेल्या वृद्धांची नोंद तपासली गेली, तेव्हा पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये हजारी ११ वर गेल्याचे आढळले. औषध चांगले होते. परंतु मूळ अभ्यासातल्या रुग्णांची रक्ततपासणी जेवढ्या काटेकोरपणे झाली होती, तेवढी बाहेरच्या जगात झाली नाही.

याला दुसरी बाजूही आहे. स्कॉटलंडमधील टेसाइड भागाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही हे औषध वाढले, पण पोटॅशियम वाढून दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तसे वाढले नाही. त्या काळात तेथे रक्ततपासण्या अधिक नियमित होत गेल्या होत्या. औषध तेच, वयही तेच. फरक पडला तो वेळेवर घेतलेल्या रक्ताच्या नमुन्याने. हे वाचून मला दिलासा मिळाला आणि थोडी लाजही वाटली.

पावसाळ्यातील जुलाबाचे दिवस

लवकरच पाऊस सुरू होईल आणि उलट्या-जुलाबाचे रुग्ण वाढतील. शरीरातील पाणी घटले की मूत्रपिंडाचे काम मंदावते. अशा वेळी ‘सार्टन’, ‘प्रिल’ किंवा लघवीची गोळी नेहमीप्रमाणे घेत राहिल्यास काहींचे पोटॅशियम वाढते, तर जुलाबावाटे ते गेल्याने काहींचे घटते. कोणाचे काय होईल, हे घरी बसून सांगता येत नाही. म्हणून वृद्ध माणसाला दिवसात तीन-चार वेळा जुलाब झाले, उलट्यांमुळे पाणी टिकत नसेल किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, “रक्तदाबाची कोणती गोळी दोन दिवस थांबवू आणि कधी पुन्हा सुरू करू?”

ओआरएस अर्थात जलसंजीवनीतही पोटॅशियम असते, प्रमाणित पाकिटापासून केलेल्या एक लिटरमध्ये दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. जुलाबात ते द्यायलाच हवे, त्याला घाबरू नये. मात्र जुलाब नसताना, केवळ अशक्तपणा वाटतो म्हणून रोज ओआरएस पिण्याची जी नवी सवय दिसते, ती रक्तदाबाच्या रुग्णाने लावून घेऊ नये.

घरच्यांसाठी

वृद्धांची औषधे सांभाळणाऱ्या मुला-सुनांनी, लेकी-जावयांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. डॉक्टरांकडे जाताना केवळ कागद नेऊ नका, सगळी पिशवीच न्या : गोळ्या, सिरप, चूर्ण, काढे, दुखण्याच्या गोळ्या आणि मिठाच्या पाकिटावरील घटकांचा भाग.

२. पोटॅशियम लिहून दिले, तर तीन प्रश्न विचारा. किती दिवस? रक्त कधी तपासायचे? पूर्वीची कोणती गोळी बंद? उत्तरे बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहा.

३. जुन्या कागदावर पोटॅशियमची दुसरी बाटली आणू नका. पहिली संपली म्हणजे तपासणीची वेळ झाली.

४. सिरप नेहमी पेलाभर पाण्यात मिसळून, जेवणानंतर, सावकाश घ्यावे. गोळी असेल, तर ती न चावता, न कुटता, बसून, भरपूर पाण्याबरोबर गिळावी. नाहीतर अन्ननलिकेला आणि जठराला इजा होऊ शकते.

५. ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ गटातली गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा वाढवल्यावर एक ते दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे. पुढे सारे ठीक असल्यास सहा महिने ते वर्षाने तपासावे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा कमकुवत हृदय असल्यास डॉक्टर सांगतील तितक्या लवकर.

६. अहवालात पोटॅशियम ५.५ च्या वर किंवा ३ च्या खाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ६ च्या वर असेल किंवा आकडा काहीही असो, माणसाला एकाएकी गळून जाणे, मंद किंवा अनियमित नाडी, घेरी यांतले काही झाले असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

आणि सर्वांत महत्त्वाचे : हा लेख वाचून रक्तदाबाची गोळी बंद करू नका. ‘सार्टन’ आणि ‘प्रिल’ गटातली औषधे हृदयाचे आणि मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडाचे रक्षण करतात. पोटॅशियमच्या भीतीने ती सोडल्यामुळे पक्षाघात झालेले रुग्णही मी पाहिले आहेत. बदल करायचा असेल, तर तो डॉक्टरांना विचारून करा.

आजी आता बऱ्या आहेत. टेल्मिसार्टन आजही घेतात, कमी मात्रेत. घरात साधे मीठ परत आले आहे, पण भाजीत ते पूर्वीपेक्षा कमी पडते. दर तीन महिन्यांनी रक्त तपासले जाते. मागच्या वेळी पोटॅशियम ४.४ होते. माझ्या दवाखान्यातही एक बदल झाला आहे. पोटॅशियम लिहून देताना त्याखाली मी आता बंद करण्याची तारीख लिहितो, तिच्याभोवती लाल शाईने चौकट करतो आणि सोबत आलेल्या माणसाकडून ती मोठ्याने वाचून घेतो. तपासणीला न आलेल्यांना फोन करण्यासाठी एक वहीही ठेवली आहे.

परवा आजींनी ती वही पाहिली. म्हणाल्या, “डॉक्टर, आधीच ठेवली असती तर मला गाडीत बसून एवढं लांब जावं लागलं नसतं.” त्यांचे म्हणणे खरे आहे.